नांदांगशिवाय ‘गुलुदुग’

जकार्तापासून काही तासांवरच्या उजुंगबरुंगमध्ये गल्लीगणिक एखादा तरी डेथ मेटल, म्हणजे डरकाळ्यांचं कानठळ्या बसवणारं संगीत वाजवणारा बँड निघतो. तेतेनचा बँड त्यातही अवघड म्हणून ओळखला जायचा. सात मात्रांच्या तालात चाललेलं गाणं मध्येच अकरा मात्रांवर जायचं आणि ऐकणाऱ्याला मान कुठे झटकावी तेच कळायचं नाही. “तुमचं गाणं ऐकायला गणिताचा मास्तर सोबत आणावा लागतो,” असं पोरं म्हणायची.

बँडचं नाव सारेउपना, म्हणजे तिन्हीसांज. गिटार आणि आवाज तेतेनचा, बास युइस नावाच्या मुलीचा, ड्रम्स नांदांगचे. नांदांग वयाने मोठा. तेतेन त्याला थोरल्या भावाला म्हणतात तसं ‘कांग’ म्हणायचा. शाळेत असताना नांदांगनेच त्याच्या मांडीवर थापा मारून त्याला ताल मोजायला शिकवलं होतं.

पहिल्या आल्बमला त्यांनी काही वर्षं घातली. तेतेन दिवसा टी-शर्टांवर चित्रं छापायचा आणि काम सुटलं की थेट नांदांगच्या घरामागची खोली गाठायचा. आल्बमचं नाव ठरलं ‘गुलुदुग’, म्हणजे गडगडाट. आधी ड्रम्सचं रेकॉर्डिंग झालं, मग त्यावर बाकी सगळं चढलं.

मधल्या काळात नांदांगची आई गेली. तो मशिदीतल्या मंडळींत बसू लागला. दाढी वाढली, मधाचं दुकान टाकलं. आल्बम तयार झाला, त्यानंतरच्या शुक्रवारी नमाज आटोपून तो तेतेनच्या छपाईच्या कारखान्यात आला.

“मला काढ त्यातून,” तो म्हणाला.

“कशातून?”

“आल्बममधून. मी वाजवलेलं सगळं काढून टाक.”

“कांग, डोकं ठिकाणावर आहे ना? आल्बम झालाय!”

“म्हणून तर आलो. एकदा बाहेर गेला की मी मेल्यावरही वाजत राहील, आणि पाप माझ्या खात्यात चढत राहील. ते मला नको.”

“बरं, तुझं नाव काढतो. कुणाला कळणार नाही.”

“नाव ठेव हवं तर,” नांदांग म्हणाला. “आवाज काढ.”

युइस भडकली. “आपलं काही नाही का त्यात? आहे तसा काढ आल्बम. काय करणारे तो?”

“हात त्याचे आहेत, युइस.”

“आणि आपले काय भाड्याने आणलेत?”

तेतेनने जकार्ताहून एक ड्रमर बोलावला. पोरगा पक्का तयारीचा, एक ठोका चुकला नाही. पण ताल बदलायच्या आधी नांदांग कणभर रेंगाळायचा, उंबऱ्याशी चप्पल काढायला थांबावं तसा. तेतेनची गिटार त्या थांबण्यावरच वाढलेली होती. नव्या पोराबरोबर वाजवताना त्याला आपल्याच घरात पाहुणा असल्यासारखं वाटत राहिलं. त्याने त्या पोराला नीट जेवू घालून परत पाठवलं.

शेवटी ‘गुलुदुग’ ड्रम्सशिवायच निघाला.

रविवारी दुपारी वस्तीच्या सभागृहात कार्यक्रम झाला. पहिल्याच गाण्याला पोरांनी टाळ्यांनी ताल धरायचा प्रयत्न केला. टाळ्या एकमेकींत अडकल्या आणि थांबल्या. मागून कुणीतरी ओरडलं, “ए, गडगडाट म्हणता आणि वीज एकटीच चमकतेय!” सगळे हसले, तेतेनही हसला.

तिसऱ्या गाण्यात एक लांब जागा फक्त नांदांगची होती. तेतेनने ती तशीच रिकामी ठेवली होती. दोघं हात थांबवून उभे राहिले. पोरं आधी वाट बघत राहिली, मग आपापसात बोलायला लागली. तेतेन मनात मोजत होता, प्रत्येक ठोका, ते रेंगाळणंसुद्धा. जागा संपली तसा तो नेमका शिरला. युइसला हिशेब लागला नव्हता, तिचा बास मागून धावत आला. चूक तिची नव्हती. पण आजपासून हे मोजणारा आपण एकटाच, हे तेतेनला तेव्हा कळलं. गळ्यातून निघालेली डरकाळी त्याला दुसऱ्याच कुणाची वाटली.

महिनाभरात युइस दुसऱ्या बँडमध्ये गेली. भांडण नाही, काही नाही. तिला वाजवायचं होतं.

मग एका दुपारी तेतेन मधाच्या दुकानात गेला. नांदांगने चहा दिला, तेतेनच्या आईची चौकशी केली, मोटारसायकल अजून धूर सोडते का ते विचारलं. बोलणं संपल्यावर तो मधाच्या बाटल्या उगाच पुसत बसला.

“निघाला म्हणे.”

“निघाला.”

“मी नाही ना त्यात?”

“नाहीस, कांग.”

“अल्ला तुझं भलं करो.” फडकं फिरत राहिलं. “ते तिसरं... उभं राहतं का रे तसं?”

तेतेनने चहाचा घोट घेतला. “राहतं की.”

नांदांगने मान हलवली. खरं मानलं की नाही, चेहऱ्यावरून कळलं नाही. तेवढ्यात अजान झाली.

“जरा बसशील? आलोच,” म्हणून तो टोपी चढवून निघून गेला.

तेतेन दुकानात बसून राहिला. एक बाई आली, मोठ्या बाटलीचा भाव विचारू लागली.

“मला नाही ठाऊक, ताई,” तो म्हणाला. “मालक येतील इतक्यात. थांबा ना थोडं.”

बाई थांबली नाही.