तारान्तोला ट्रेनने

भावाचा, कताल्दोचा फोन आला तेव्हा दोनाता स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. फोन खांद्याशी दाबून ती नुसती "हं, हं" करत राहिली. फोन ठेवल्यावर तिने सोललेलाच बटाटा पुन्हा सोलायला घेतला, आणि तिच्या नवऱ्याला, श्युर्डला, कळलं की बातमी बरी नाही.

"आईला दवाखान्यात ठेवलंय," ती म्हणाली. "फुप्फुसात पाणी झालंय. डॉक्टर म्हणाले, मुलीला बोलावून घ्या."

दोनाता मूळची दक्षिण इटलीतल्या तारान्तोची. लग्न करून नेदरलँड्समधल्या उत्रेख्तला आली त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. तिची आई नून्त्सिया तिकडेच, मोठ्या मुलाकडे, म्हणजे कताल्दोकडे राहायची. खुब्याचं हाड मोडल्यावर जुन्या गावातलं स्वतःचं घर सोडून ती त्याच्या चौथ्या मजल्यावर आली, आणि तेव्हापासून खाली उतरली ती दवाखान्यापुरतीच.

श्युर्डने हात पुसले आणि लॅपटॉप उघडला. "उद्या सकाळी रोमला विमान आहे. तिथून पुढे ब्रिंडिसी. संध्याकाळपर्यंत तू आईजवळ असशील."

जिन्यात त्यांची मुलगी फेना उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. फेना सोळा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिने ठरवलं होतं की विमानांच्या धुराने हवामान बिघडतं, म्हणून जिथे रूळ जातात तिथे विमानाने जायचं नाही. शाळेत सगळ्यांसमोर तसं बोललीही होती. आधी घरच्यांना वाटलं, पोरीचं खूळ आहे, उतरेल. उतरलं नाही. मग श्युर्डलाच तिचा अभिमान वाटायला लागला आणि घराचाच तो नियम झाला. दोन्ही उन्हाळ्यांत ते तारान्तोला ट्रेनने गेले होते, वाटेत मिलानला मुक्काम करून. आजी हसून म्हणाली होती, "गाढवावर बसून या हवं तर, पण या म्हणजे झालं."

"आई, तू जा विमानाने," फेना म्हणाली. "मी काही अडवत नाहीये तुला. मी आणि बाबा ट्रेनने मागून येतो."

"मी तेच म्हणतोय," श्युर्ड म्हणाला. "करू का तिकीट?"

दोनाता सालांकडे बघत राहिली. "नको. तिघं बरोबर जाऊ. ट्रेनने."

"अगं, पण डॉक्टर..."

"डॉक्टर मागच्या वर्षीही असंच म्हणाले होते. चांगली उठून बसली ती. एका दिवसाने काय होतंय? आणि पोरीने शब्द दिलाय, तो आपणच कशाला मोडायचा?"

फेनाने खाली येऊन आईला मागून मिठी मारली. दोनाताने तिचा हात थोपटला आणि दुसऱ्या हाताने कताल्दोला फोन लावला. "परवा पोचतो आम्ही. हो, ट्रेनने. काय करणार, फेना विमानात बसत नाही ना."

पलीकडून कताल्दो काय म्हणाला ते कुणाला ऐकू आलं नाही. पण दोनाताने फोन कानापासून जरा लांब धरला होता.

दुसऱ्या दिवशी जर्मनीत गाडी रखडली. पुढे रुळांवर काही काम चाललं होतं. शेतातल्या कोबीच्या ओळी बघत सगळा डबा बसून राहिला. स्वित्झर्लंडमधल्या बाझलहून सुटणारी पुढची गाडी चुकली. श्युर्ड फोनवर वेळापत्रकं चाळत होता, दर थोड्या वेळाने म्हणत होता, "अजूनही रोमचं विमान मिळेल. बाझलला विमानतळ आहे." दोनाता म्हणाली, "आता मध्येच कुठे धावपळ करतोस? बस निवांत." ती स्वतः मात्र निवांत नव्हती. तिने दिवसभर काही खाल्लं नाही आणि एकदाही भावाला फोन केला नाही. फेनाने विचारलं तर म्हणाली, "तो तिथे गडबडीत असेल. उगाच कशाला?"

मिलानला रात्र काढून दुसऱ्या सकाळी पकडलेली गाडी अंकोना सोडून समुद्राच्या काठाने धावायला लागली, तेव्हा फोन वाजला. दोनाताने नाव पाहिलं आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला. "तू घे."

श्युर्डचं इटालियन बेताचं. तो दोनदा "काय?" म्हणाला, आणि तिसऱ्यांदा विचारायची गरज उरली नाही.

नून्त्सियाने आदल्या दिवशी घरी न्या म्हणून हट्ट धरला होता. कताल्दोने नेलं. सकाळी त्याची बायको कॉफी घेऊन गेली, तेव्हा म्हातारी गेलेली होती.

गाडी तशीच चालली होती. उतरून काही उपयोग नव्हता, उतरायचं तरी कुठे? अजून अर्धा दिवस जायचा होता. समोरच्या बाईने काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. दोनाता रडली नाही. खिडकीला डोकं टेकून बसली. रडली ती फेना. जॅकेटच्या बाहीत तोंड घालून ती हुंदके देत होती आणि मधेच म्हणत होती, "माझ्यामुळे. माझ्यामुळे झालं सगळं. काल सकाळी निघाली असतीस, तर रात्री भेटली असतीस तू तिला."

"असं नसतं गं, राणी," श्युर्ड म्हणाला आणि बायकोकडे बघितलं. तिने काहीतरी बोलावं म्हणून तो वाट बघत होता.

दोनाता समुद्राकडे बघत होती. पेस्कारा गेलं, फोज्जा गेलं, बारी गेलं.

तारान्तोच्या स्टेशनवर कताल्दो गाडी घेऊन आला होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्याने बहिणीला जवळ घेतलं नाही. सामान डिकीत टाकता टाकता म्हणाला, "खिडकीची जागा मिळाली होती ना? समुद्र छान दिसतो तिकडून."

"कताल्दो, प्लीज," श्युर्ड म्हणाला.

"मी काय म्हणालो? प्रवास कसा झाला, विचारलं."

घरी आजीला बैठकीत ठेवलं होतं. काळा पोशाख, बोटांत जपमाळ. शेजारच्या बायका भिंतीकडेने खुर्च्या टाकून बसल्या होत्या. दोनाता आईच्या कपाळाला ओठ लावून लगेच बाजूला झाली, कुणी बघत असताना एखादं काम उरकावं तशी. फेना दारातच उभी राहिली. आत जायचा आपल्याला हक्क नाही, असं तिला वाटत होतं.

ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली, तेव्हा तिथे मामा होता. त्याने तिच्यासाठी मुद्दाम सावकाश, तोडून तोडून शब्द उच्चारले, म्हणजे परक्या भाषेतला एकही तिच्या कानातून निसटू नये.

"काल घरी आणल्यापासून ती दाराकडे बघत होती. लिफ्ट वाजली की विचारायची, दोनाता आली का? मी काय सांगू? तुझ्या नातीला ढगांची काळजी आहे, म्हणून मुलगी रुळावरून येतेय?"

फेनाने पेला न पिताच ओट्यावर ठेवला.

"तिला बोलू नकोस." दोनाता दारात उभी होती. मागे श्युर्ड. "तिचा काही संबंध नाही. ती मला विमानाने जा म्हणाली होती. हा तिकीट काढून देत होता. मीच नको म्हणाले."

"का?"

दोनाताने दार लोटून घेतलं. बाहेर बायकांची जपमाळ सुरू झाली होती.

"उन्हाळ्यात आले होते तेव्हा आईने माझा हात धरला. म्हणाली, मला इथे राहायचं नाही, मला तुझ्याकडे ने. मी म्हटलं, बघू. मग दर फोनला तेच. काय बघितलंस? कधी नेतेस? मी फोन करायचेच बंद केले." ती ओट्याला टेकली. "लवकर पोचले असते तर तिने शुद्धीत असताना पुन्हा विचारलं असतं. आणि मला नाही म्हणावं लागलं असतं. मरणाऱ्या माणसाला. म्हणून म्हटलं, एक दिवस जाऊ दे. एका दिवसाने कदाचित ती बोलायच्या अवस्थेत नसेल."

कताल्दो खुर्चीवर बसला. त्याने टेबलावरचे पावाचे कण तळहाताने एका जागी गोळा केले, आणि गोळा करतच राहिला.

फेनाला मात्र आधी वाटलं ते इतकंच, की आपण सुटलो. छातीवरचा धोंडा उतरला. आणि दुसऱ्याच क्षणी तिला मघाचा गाडीतला प्रवास आठवला.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. आता ती आपल्या घरच्या भाषेत बोलत होती. "मी गाडीत रडत होते. आख्खा रस्ता. तुला माहीत होतं माझ्यामुळे नाही ते, आणि तू बाहेर बघत बसलीस."

"फेना..."

"माझं नाव पुढे केलंस. मामाला फोनवर तूच सांगितलंस, फेना विमानात बसत नाही. मी मिठी मारली तुला, आई! मला वाटलं तू माझ्यासाठी..."

दोनाताने तिच्याकडे हात केला. फेना बाजूने निघून गेली, आणि बैठकीत जाऊन आजीच्या पायाशी बसली. दुसऱ्या दिवशी दफनाच्या वेळी, तिकडच्या रीतीप्रमाणे, शवपेटी ठेवलेला भिंतीतला कप्पा विटांनी बुजवत होते, तेव्हाही ती बापाच्या पलीकडच्या बाजूला उभी होती. आईने दोनदा जागा बदलली. दोन्ही वेळा तिनेही बदलली.

दोनाता आईच्या वस्तू आवरायला मागे राहिली. वहिनी तिला ताट वाढायची, कताल्दो त्याच टेबलावर बसून जेवायचा, आणि दोघं भावंडं मिठाचं भांडं एकमेकांकडे न मागता उठून घ्यायची.

श्युर्ड आणि फेनाला स्टेशनवर सोडायला कताल्दोच आला. श्युर्ड गाडी कुठल्या फलाटावर लागते ते बघायला गेला. कताल्दोने फेनाच्या हातात खारी कडबोळी भरलेली कागदी पिशवी दिली.

"मी तुला नको ते बोललो," तो म्हणाला.

"असू दे, मामा." थोडं थांबून तिने विचारलं, "आजीला खरंच तुमच्याकडे राहायचं नव्हतं?"

"मला माहीत होतं ते," तो म्हणाला. "तिच्या पलंगाखाली बॅग भरलेली असायची. इस्त्री केलेले कपडे, औषधं, आजोबांचा फोटो. बायको झाडायला म्हणून बाहेर ओढायची, आणि झाडून झालं की परत आत सारायची. आम्ही कधी विषय काढला नाही."

श्युर्डने लांबून हात केला. फेना मामाच्या गळ्यात पडली नाही, नुसता त्याचा हात हातात धरून उभी राहिली. मग तिने आपली सॅक उचलली आणि गाडीकडे चालायला लागली.