दोन दवंड्या, एकच गाव

मी गिमारास बेटावरचा एक राउटर बोलतोय. भाषा माझी साधी, शुद्धलेखन कच्चं. मोठ्या शहरातलं काम अर्ध्यावर सुटलं, शिकणंही तिथंच थांबलं. सांभाळून घ्या.

केबलवाल्या तेरियोनं मला जुन्या मालातून आणलं. दुकानात पाद्रीबाबांनी पवित्र पाणी शिंपडून आशीर्वाद दिला. "बाबा, बेतानं! आत वीज आहे," तेरियो ओरडला. एक थेंब आत गेलाच. अजून बाधला नाही.

माझं काम दवंडीवाल्याचं. 'या गावाचे इंटरनेटचे पत्ते इकडे आहेत, निरोप माझ्याकडे द्या,' असं मी शेजारच्या राउटरला सांगतो, तो पुढच्याला. सगळं विश्वासावर चालतं. म्हणून चोरांचंही फावतं. दुसऱ्याच्या पत्त्यांची खोटी दवंडी पिटली की निरोप त्यांच्या घरात.

फेलिसा समुद्रापलीकडे इलोइलोच्या कॉलेजात शिकवते. आमच्याच पत्त्यांची दवंडी तिकडूनही द्यायची आणि निरोप कुठल्या वाटेनं लवकर येतात ते पाहायचं, असा तिचा प्रयोग. तेरियोनं होकार दिला. खोट्या दवंड्यांवर नजर ठेवणाऱ्या जगभरच्या पहारेकऱ्यांना तिनं 'सोमवारी' म्हणून कळवलं. मग आठवलं, सोमवारी गावच्या संताची जत्रा! जहाजांवर गेलेली पोरं त्या दिवशी नेटवरून घरी फोन करतात. तिनं प्रयोग रविवारीच उरकायला घेतला. बदललेला दिवस कळवायचा मात्र राहिला.

रविवारी दुपारी बोंब उठली: पत्ते चोरले! खुलासा आला नाही, तर या पत्त्यांना दारं बंद.

तेरियो डुक्कर भाजायची तयारी टाकून धावत आला. प्रयोगासाठी आलेली फेलिसा दुकानातच होती.

"इन्दाय, ऐक पोरी, माझ्या मुलाचं, रोदेलचं जहाज किती महिन्यांनी बंदराला लागतंय. उद्या त्याचा फोन आला नाही, तर बायको डुकराऐवजी मलाच भाजेल!"

"मानोंग, दादा, चोर कुणी नाही हो. मीच आहे!"

"मग जगाला सांग ना. मला काय सांगतेस?"

तिनं पलीकडची दवंडी थांबवली, पहारेकऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, तुमचं सांगणं नको, पत्त्यांच्या मालकाला फोन द्या. परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की तेरियोला घाम फुटतो. मला कळतं, मीही तसाच आहे. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला नि घसा साफ केला.

"पत्ते माझे. दोन्ही दवंड्या माझ्याच परवानगीनं. उद्या आमची जत्रा आहे, साहेब. दार लावू नका."

पलीकडचा माणूस हसला. "जत्रा चांगली होऊ द्या," म्हणाला. बोंब मागे घेतली गेली.

तेरियोनं घाम पुसला. "इन्दाय, पुढची चोरी जत्रा झाल्यावर कर हं."

"भाजलेलं डुक्कर मिळणार असेल तर कधीच नाही करणार," फेलिसा म्हणाली, आणि रडता रडता हसली.

माझी एवढीच विनंती आहे: चोर म्हणून ओरडण्याआधी घरच्यांना विचारत जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर बँड वाजू लागला. दूरच्या बंदरातून बापासाठी रोदेलचं "ताताय, ऐकू येतंय का?" आलं. मी ते उचललं आणि तेरियोच्या घरी नेऊन दिलं.