जड गियर

माझ्या कामाला कुणी नावं ठेवलेली मला खपत नाही. एक ट्रकमालक ब्रेक नीट लागत नाहीत म्हणाला, तेव्हा मी पान्हा घेऊन त्याला पोवई नाक्यापर्यंत पळवला होता. ब्रेक नीटच होते, त्याचा ड्रायव्हर अर्ध्या झोपेत गाडी हाकायचा. तर सांगायचं ते असं, की चांदसाहेब मिस्त्रीचं तोंड वाईट हे अख्ख्या साताऱ्याला ठाऊक आहे, आणि तरी लोक गाड्या माझ्याकडेच आणतात.

ही गोष्ट चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यातली. सकाळी आठ वाजता ज्योतिबा एक लाल विलायती गाडी घेऊन गॅरेजच्या दारात आला. दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली, वर कापडाचं टप. वीस-बावीस वर्षांची जुनी स्पोर्ट्स गाडी. गाडी दारात आली ती कुथत, करकरत आली. मागून त्याची बायको मनुबाई बोचकं काखेत घेऊन चालत येत होती. ज्योतिबा घामाने निथळत खाली उतरला आणि उतरल्या उतरल्या डावा हात त्याने खिशात घातला.

तो आणि मी एकाच गावचे, कोरेगावच्या पुढचे. फौजेत एकाच दिवशी भरती झालो. मी वर्कशॉपात गेलो, तो ड्रायव्हर झाला. एकाहत्तरच्या लढाईत त्याच्या डाव्या कोपराजवळ तोफगोळ्याचा तुकडा घुसला. जखम भरली, पण खालचा हात पूर्वीचा राहिला नाही. मेडिकल बोर्डाने घरी पाठवला, तेव्हापासून दोघं नवरा-बायको साताऱ्यातच खोली घेऊन राहत होते. एसटीने नको म्हटलं. शिरवळच्या एका कारखान्याने नको म्हटलं. एका ट्रकवाल्याने ठेवला आणि आठ दिवसांत काढला. आपल्या गाड्यांना गियर डाव्या हाताला, त्याला कोण काय करणार?

"चांद, गियर लय जड हाय," तो म्हणाला. "गाडीचाच दोष हाय. तू बघ."

गाडी लालासाहेबांची. हे सांगलीतले हळदीचे मोठे व्यापारी. खंडाळ्याकडच्या एका जुन्या बागाईतदाराच्या गोठ्यात ही गाडी अकरा वर्षं पडून होती, ती त्यांनी हौसेने घेतली. स्वतःला चालवता येत नव्हती. कुणीतरी ज्योतिबाचं नाव सुचवलं, फौजेतला ड्रायव्हर म्हणून. सांगलीला पेढीमागे राहायला खोली आणि कायमची नोकरी असं ठरलं. पण आदल्या दिवशी खंबाटकीच्या घाटात एका वळणावर गियर पडेना, आणि गाडी लालासाहेबांना घेऊन वीस हात मागे घरंगळली. ते तिथेच उतरले, एका ट्रकला हात केला आणि साताऱ्यात पाहुण्यांकडे मुक्कामाला गेले. जाताना सांगून गेले: उद्या चार वाजेपर्यंत गियर दुरुस्त करून ठेवा. सांगलीच्या वाटेवरच्या शेंद्र्यापर्यंत बसून बघतो. जमलं तर तसंच पुढे सांगलीला. नाही जमलं तर ड्रायव्हरला तिथेच उतरवतो आणि दुसरा बोलावतो.

ज्योतिबा पाणी प्यायला मागे गेला तशी मनुबाई माझ्याजवळ आली. एरवी ही बाई चार शब्दांपलीकडे बोलत नाही.

"चांदभावजी, एक सांगू का? ह्ये रोज सांजच्याला माहुलीकडं चालत जात्यात. नदीवर उभं ऱ्हात्यात आन् माघारी येत्यात. मी मागनं जाते, त्यांना ठावं न्हाई." तिने पदर तोंडाला लावला. "ह्यो गियर तेवढा नीट करा."

मी तिला सावलीला मागच्या भिंतीकडेच्या पेटीवर बसवलं आणि गाडीखाली शिरलो.

गियर जड होण्याची कारणं मोजकी असतात. क्लच सुटत नाही, तेल वाईट आहे, नाहीतर आतली सळी वाकली आहे. क्लच ठीक होता. तेल बदललं, फरक नाही. अकरा वाजले, बारा वाजले. दांडा तर एवढासा, मुसळीएवढा, पण मी दोन्ही हातांनी रेटला तरी तो रुसलेल्या जावयासारखा लवकर जागचा हलेना. मी गाडीला, तिच्या विलायती बापाला आणि लालासाहेबांना येतील तेवढ्या शिव्या दिल्या. ज्योतिबा शेजारी उकिडवा बसून माझ्या तोंडाकडे बघत होता.

"गाडीचाच दोष हाय न्हवं?" त्याने चौथ्यांदा विचारलं.

"गप बस की रं जरा!"

शेवटी मी दांड्याच्या बुडाचं झाकण उघडलं. दांड्याच्या बुडाशी एक गोळा असतो, तो वाटीत फिरला की गियर फिरतो. ती वाटीच दिसेना. काळं, डांबरासारखं, वाळून दगड झालेलं काहीतरी काठोकाठ भरलं होतं. मी नखाने खरवडून नाकाशी नेलं. एरंडेल!

"वंगण!" मी ओरडलो. "बैलगाडीचं वंगण हाय ह्ये!"

आपल्याकडे गाडीच्या कण्याला घालतात तेच. एरंडेलात जळक्या चिंध्यांची काजळी खलून केलेलं. ज्योतिबाच्या डोक्यात उजेड पडला. खंडाळ्याच्या त्या गोठ्यात गुंडा नावाचा म्हातारा गडी होता. त्याने गाडी ताब्यात देताना अभिमानाने सांगितलं होतं, की दरवर्षी बेंदराला बैलं धुतली, शिंगं रंगवली, गाड्यांना वंगण घातलं, की ह्या लाल गाडीलाही तो घालायचा. बाकीच्यांनी जेवायचं आणि हिने एकटीने उपाशी राहायचं, हे त्याला बरं वाटायचं नाही. बॉनेटवर गेरूचे पुसट ठिपके सकाळपासून दिसत होते, ते का तेही आता कळलं. अकरा बेंदूर त्या बापड्याने मायेने तिच्या गळ्यात वंगण ओतलं होतं, आणि ते उन्हाळ्या-पावसाळ्यात गोंदासारखं धरत गेलं होतं.

मी हसायला लागलो. ज्योतिबाही हसला, आणि हसता हसता गाडीच्या दाराला डोकं टेकून रडायला लागला.

"मी सांगत हुतो की न्हाई? गाडीचा दोष हुता! माझा हात चांगला हाय मनु, ऐकलंस का? हात चांगला हाय!"

मनुबाईने तिथूनच देवाला हात जोडले. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

रॉकेलात सगळं भिजवलं, खरवडलं, पुसलं. गोळा आरशासारखा निघाला. ताजं ग्रीस भरून झाकण बसवलं तेव्हा दीड वाजला होता. दांडा एका बोटाने फिरू लागला. मी मनुबाईला बोलावून तिच्याकडून फिरवून घेतला. ती लाजत लाजत करंगळीने फिरवून हसली. मला वाटलं, झालं. आता भाकरी खाऊ.

ज्योतिबा बसला आणि गॅरेजमागच्या मोकळ्या पटांगणात त्याने गाडी काढली. पहिला पडला. दुसऱ्याला करकर झाली. तिसऱ्याऐवजी पहिला पडला आणि गाडी गचका खाऊन बंद. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. मला वाटलं, सवय नाही. दहादा झालं, पंधरादा झालं. मग मी नीट बघितलं. तो खांद्यापासून दांडा रेटत होता, जड दांडा रेटावा तसा, आणि हलका झालेला दांडा हव्या त्या घरात न थांबता भलतीकडे जात होता.

"हळू घाल की! बोटानं घाल!"

त्याने मान खाली घातली आणि डोळ्यांनी दांडा बघत गियर टाकायला लागला. पडत होता. पण गाडी कुठे चालली याच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं, आणि ती सरळ भिंतीकडे, मनुबाई बसली होती त्या पेटीकडे निघाली. मी आडवा पळालो, बोंबललो. ब्रेक लागला तेव्हा गाडीचं नाक पेटीपासून हातभर होतं. मनुबाई उठलीसुद्धा नव्हती.

माझं तोंड सुटलं. "मारतोस का तिला? डोळे रस्त्यावर ठेवायचे का गियरवर? गियर लोण्यासारखा केलाय मी! तुझा हात मेलाय, हात! दोष गाडीचा न्हाई, तुझा हाय!"

बोलून गेलो. दोस्ताच्या तोंडावर, त्याच्या बायकोसमोर. ज्योतिबाने डावा हात उचलून समोर धरला आणि दुसऱ्याच कुणाचा असावा तसा त्याच्याकडे बघितलं.

"खरं हाय चांद. मेलाय. बोटांना कायच कळत न्हाई. दांडा हातात हाय का न्हाई तेबी बघावं लागतं." त्याचा आवाज अगदी शांत होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "काल साताऱ्यापातुर कसा आलो म्हाईत हाय? दांडा जड हुता म्हनून. जोर लावला की कोपरातनं खांद्याला धक्का बसायचा. धक्का बसला की कळायचं, पडला गियर. आता तू हलका केलास आन् मला कायच कळंना झालं."

अडीच वाजले होते. मी कपाळाला हात लावून खाली बसलो. बावीस वर्षांत मी इतकं साफ काम केलं नव्हतं, आणि त्याच कामाने मी माझ्या मित्राचा शेवटचा आधार काढून घेतला होता.

"चांद," तो म्हणाला, "जड कर पुन्यांदा."

"येड लागलंय का तुला? मी जड करून दिऊ? माज्या हातानं?"

"घाटात पार अडकला हुता तेवढा नको. पर खांद्याला कळंल एवढा कर."

मी नाही म्हटलं. दोनदा म्हटलं. अशा हाताने रस्त्यावर गाडी काढणं पाप आहे म्हटलं, उद्या कुणाचं पोर चाकाखाली आलं तर? ज्योतिबा गाडीतून उतरला, पायात चपला सरकवल्या आणि रस्त्याच्या दिशेने चालायला लागला. तो रस्ता माहुलीकडे जातो. मनुबाई बोचकं टाकून उठली आणि त्याच्यामागे निघाली. माझ्याकडे तिने वळूनही बघितलं नाही.

मी धावत जाऊन त्याची कॉलर धरली. "चल माघारी, कुत्र्या," एवढंच म्हणालो.

जुन्या पट्ट्याचं चामडं कापून मी त्याची चकती केली, तेलात बुडवली आणि गोळ्याच्या वर झाकणाखाली बसवली. झाकणाचे स्क्रू आवळत गेलं की चामडं गोळ्याला धरून बसतं, आणि दांडा जड होतो. ज्योतिबा डोळे मिटून बसला. मी एकेक आटा आवळायचा, त्याने गियर टाकायचा.

"कळतंय?"

"न्हाई."

"आता?"

"जरासं. अजून आवळ."

शिंपी माप घेतो तसं मी त्याच्या खांद्याचं माप घेत होतो. अर्धा आटा इकडे, पाव आटा तिकडे. साडेतीनला त्याने डोळे मिटूनच पहिला, दुसरा, तिसरा, चौथा टाकला आणि म्हणाला, "हितं ठेव. हितं कळतंय."

मग पटांगणात त्याने आठ फेऱ्या मारल्या. मी समोर उभा राहिलो, मुद्दाम आडवा आलो, दगड फेकले, ओरडलो. त्याची नजर रस्त्यावरून हलली नाही आणि एकही गियर चुकला नाही. फौजेत होता तसाच ड्रायव्हर होता तो. तरीही मी केलं ते बरोबर की चूक, हे मला अजून कुणाला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

चारला पाच मिनिटं कमी असताना लालासाहेब टांग्यातून उतरले. पांढरं धोतर, काळी टोपी. आल्या आल्या वाकून त्यांनी स्वतः दांडा हलवून बघितला. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मिस्त्री, हा तर जडच आहे अजून."

"कालच्यापेक्षा हलका हाय, साहेब."

"मला काल-परवाचं सांगू नका. तुमचं नाव ऐकून गाडी इथं टाकली. सांगलीला पोरगंसुद्धा यापेक्षा बरं काम करून देईल." ते ज्योतिबाकडे वळले. "का हो, तुमच्या हाताचं तर काही नाही ना? काल घाटात मला शंका आलीच होती."

ज्योतिबाचा डावा हात खिशाकडे निघाला आणि अर्ध्यावर थांबला. गॅरेजच्या दारात चहावाला, दोन क्लीनर, पलीकडचा पंक्चरवाला असे सगळे उभे होते. माझी तोफ आता सुटणार म्हणून मजा बघायला थांबले होते. माझ्या हातात पान्हा होताच.

मी पान्हा खाली ठेवला.

"त्याच्या हाताला काय बी न्हाई, साहेब," मी म्हणालो. "फौजेतला हात हाय त्यो. दोष माजा हाय. माज्या हातात आता पैल्यासारखं ऱ्हायलं न्हाई."

कुणी हसलं नाही. लालासाहेब पुटपुटत शेजारच्या सीटवर बसले. ज्योतिबाने माझ्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर आम्ही दोघेही तिथे मोडलो असतो. त्याने गाडी सुरू केली आणि पहिला टाकला. गाडी वळणापर्यंत गेली, दुसरा पडल्याचा आवाज आला, तिसऱ्याचा आला, आणि मग टेम्पोच्या भोंग्यात काही ऐकू येईना.

शेंद्रे काही लांब नाही. तिथे उतरवलेला माणूस चालत तास-दीड तासात माझ्या दारात यायला हवा. मी आणि मनुबाई रस्त्याकडे बघत बसलो. पाच वाजले. चालत येणारं प्रत्येक माणूस ज्योतिबाच वाटायचं. एकदा तर ती उठून उभी राहिली, पण तो कुणी दूधवाला होता. सहा वाजले. मी तिला चहा दिला, तो तिच्या हातात तसाच निवला. माझ्या डोक्यात नको ते येत होतं, वळण, समोरून येणारा ट्रक, पण ते मी तिला सांगितलं नाही. तिच्याही डोक्यात तेच असणार. सूर्य अजिंक्यताऱ्यामागे गेला तरी रस्त्यावर तो दिसला नाही.

तेव्हा मनुबाईने बोचकं उचलून काखेत घेतलं आणि डोळे पुसले.

"चांदभावजी," ती म्हणाली, "सांगलीची एसटी कितीला हाय?"