शेराला ऐंशी रुपये

संकटात बोललेला नवस संकट टळल्यावर जड वाटू लागतो, हा मनुष्यस्वभाव आहे. परंतु ते ओझे एखाद्या लेकराच्या देहावरून उतरवून घेणे, हे पाप आहे. मित्रांनो, असे पाप माझ्या पारड्यात घडले.

मी एक जुना तराजू आहे. खालापूरच्या लोहाराने माझी दांडी घडवली, तांबटाने पितळेची पारडी ठोकली, आणि कर्जतच्या पेठेत येसाजी नावाच्या भातव्यापाऱ्याने मला दुकानात टांगले. माझ्या काट्याचा मोठा लौकिक होता. रुपया एका तोळ्याचा, म्हणून ऐंशी रुपयांचा शेर होई. येसाजी थैलीतले रुपये मोजीत नसे. माझ्यावर तोलून रक्कम सांगे.

एकोणीसशे अठराच्या साथीत त्याची कन्या आवडी तापाने निपचित पडली. तेव्हा गावदेवीपुढे, साऱ्या पेठेदेखत तो बोलला, "पोर वाचू दे, हिच्या भारोभार रुपयं वाहीन."

आवडी वाचली. त्याने तिला पारड्यात बसवले. तेरा शेर भरली; म्हणजे हजार चाळीस रुपये!

गाडीवान नागू पोत्यावर बसून होता. तो म्हणाला, "शेट, फुटाला धा रुपयं मांडलं, तर वळ पार त्या हिरीपावतर जाईल बगा! आन् ढीग केला तर भाताचं अधोलीचं माप भरंल!"

सगळे हसले. येसाजी हसला नाही. त्याने तुलाभार पौर्णिमेवर ढकलला.

दुसऱ्या दिवसापासून आवडीची भाकरी अर्धी झाली. पुढे नुसती पेज उरली. रोज सकाळी तो तिला तोलू लागला.

"अवो, पोर भुकेनं रडतेय," आई इंदूबाई म्हणाली.

"शेरामागं ऐंशी रुपयं वाचतात. तू भरशील?"

"देवीला कळंल ना!"

"देवी काटा बघते, ताट नाय बघत."

एकदा इंदूबाईने तिला चोरून भात भरवला. सकाळी माझा काटा ढळला, आणि येसाजीला सारे उमगले. त्यानंतर आवडी दिवसभर दुकानातच, त्याच्या नजरेपुढे, तांदळाच्या पोत्यांमध्ये उपाशी बसे.

पौर्णिमेला मला गावदेवीपुढे नेऊन टांगले. ती अकरा शेर भरली. एकशे साठ रुपये वाचले. गुरवाने नारळ फोडला, तोच पारड्यातून बारीक आवाज आला, "बाबा, आता जेवू मी?"

पोरीने नवसाचा उपास धरला असेल, असे समजून लोकांना मोठे कौतुक वाटले.

घरी इंदूबाईने दूधभात कालवला. पण त्या पोटात काही ठरेना. आठवडा सरण्याच्या आत आवडी गेली.

मग इंदूबाईने मला आपल्या हातांनी खाली उतरवले. तेव्हापासून मी कोठारात गंजतो आहे. माझ्या गंजाची मला खंत नाही. मित्रांनो, लेकराला तराजूत बसवाल, तर ते वाढले ना, एवढेच पाहण्यासाठी बसवा.

आवडी जेथे असेल तेथे तिला पोटभर अन्न मिळो. इंदूबाईचा जीव शांत होवो. आणि येसाजीलाही एकदा मोकळेपणी रडता येवो.