चौकटीबाहेरचे काका

टीव्हीच्या पडद्यामागचं एक काम पाच मिनिटांच्या व्हिडिओत समजावून सांगा, असं लातूरच्या कॉलेजातल्या सरांनी सांगितलं, आणि स्वप्नालीनं थेट चाकूर गाठून आपल्या उमाशंकरकाकांना धरलं. काका अठरा वर्षं लातूरच्या एका चॅनलवर बूम धरतात. बूम म्हणजे लांब काठीच्या टोकाला बांधलेला माईक. बोलणाऱ्याच्या डोक्यावर धरायचा; पण काठी, काठीवाला आणि त्याची सावली, यातलं काहीच पडद्यावर दिसता कामा नये. दिसलं की कामाला बट्टा.

काका या कामात इतके पटाईत की उभ्या चाकुरात त्यांना टीव्हीवर कुणी पाहिलेलंच नाही. दीपमालाकाकू मात्र लग्नापासून सांगत आलेल्या, आमचे हे टीव्हीत असतात म्हणून. बायका समोर माना डोलवायच्या आणि पाठ वळली की म्हणायच्या, वॉचमन असंल. त्यामुळं व्हिडिओचं कळताच काकूंनी नवा शर्ट आणला, काकांच्या कपाळावर विभूती ओढली आणि त्यांना खुर्चीत बसवलं. एकदा तोंड दिसलं की गावाची तोंडं बंद.

पण मोबाईल वळला की काका सरकायचे. स्वप्नाली डावीकडं, तर काका उजवीकडं. मुद्दाम नव्हे, अंगातच मुरलेलं ते. मग पंखा घरघरतोय म्हणून उठले, तो बंद केला. फ्रीज गुणगुणतोय, त्याची पिन काढली. शेवटी चॅनलवरून मागून आणलेला बूम उचलून उभेच राहिले.

"तू काकूला इचार," म्हणाले. "मी आवाज घेतो."

खुर्चीत काकू बसल्या. आधी ठसक्यात सगळं काम समजावलं त्यांनी. मग नजर खाली गेली, आवाजही.

"लोकं वॉचमन म्हणत्यात. एकदा तर मलाबी वाटलं, खरंच तसं तर नसंल?"

शब्द निसटू नये म्हणून काका एक पाऊल पुढं आले.

सरांनी शेरा दिला: आवाज उत्तम. ज्यांच्यावर व्हिडिओ आहे ते कुठं आहेत? शेवटी भिंतीवर सावली पडली आहे, दोन गुण कमी.

अठरा वर्षांत पहिल्यांदा सावली पडली होती. काका दिवसभर जेवले नाहीत. तेवढं काढून टाक, म्हणून स्वप्नालीच्या मागं लागले. पण काकू तोवर फोन घेऊन शेजारच्या केवळाबाईच्या ओसरीवर पोचल्या होत्या. व्हिडिओ नेमका तिथंच थांबवलेला: गुलाबी भिंतीवर लांब काठी आणि तिच्याखाली पुढं झुकलेली एक मान.

केवळाबाईनं डोळे बारीक करून पाहिलं. "काठी घिऊन हुबा हाय की. वॉचमनच."

"हाव, असू दे," काकू म्हणाल्या, आणि फोन तिच्या कानाला लावला. "आता ऐक. मी किती हळू बोलले, तरी एक शब्द सुटला न्हाई ह्यांच्याकडनं."