नितळबाबांची नेमणूक

पालिकेच्या पटांगणात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. कुंपणाच्या भिंतीवर माणसं चढून बसली होती. मधोमध टेबलावर काचेची मोठी बरणी आणि बरणीत आमच्या नळाचं पाणी. रंग म्हणाल तर दूध कमी पडलेल्या चहाचा. टेबलामागे नितळबाबा उभे. पांढरी कफनी, पांढरी दाढी, हातात पांढरी काठी, पायात मात्र नवेकोरे कॅनव्हासचे बूट.

"पाणी गढूळ का होतं?" बाबांनी विचारलं आणि कुणी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगून टाकलं. "पाण्याचे अणू रुसतात! सकाळी उठलं की तुम्ही नळाला शिव्या घालता. अणूंना मन नाही का? मी फक्त त्यांची समजूत काढतो."

काठी बरणीत बुडवून त्यांनी पाणी चांगलं ढवळलं, काठी बाहेर काढली आणि डोळे मिटून प्रवचन सुरू केलं. अणूंचा स्वभाव, अणूंचं बालपण, मग मोठ्या अणूंनी धाकट्यांवर केलेला अन्याय. शेजारचा गृहस्थ उभ्या उभ्या पेंगायला लागला. प्रवचन संपलं तेव्हा सगळा गाळ तळाशी बसला होता आणि वरच्या पाण्यातून पलीकडचे नगराध्यक्ष स्वच्छ दिसत होते. ते डोळे पुसत होते.

टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. माझी बायको तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. ती सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे आणि मी वकील.

"हा माणूस प्रवचन उगाच लांबवत नाहीये," ती माझ्या कानात म्हणाली. "गाळ खाली बसायची वाट बघतोय."

आता ही वेळ आमच्यावर आली कशी, ते सांगतो. गावात टायफॉइड पसरला होता. दवाखान्यात एकेका खाटेवर दोन-दोन रोगी झोपत होते. बायकोनं चौकशी केली तेव्हा लक्षात आलं, की बहुतेक रोगी बाजाराच्या वळणापलीकडचे. त्या वळणावर पाण्याची वाहिनी आणि सांडपाण्याची वाहिनी एकमेकींना ओलांडतात. दोन्ही जुन्या, दोन्ही फुटलेल्या.

तिनं पाणीपुरवठा खात्याला कळवलं. ते म्हणाले, आमचं पाणी फुटक्या नळातून बाहेर जातंय, घाण आत येतेय ती सांडपाण्याची, तिकडे जा. सांडपाणी खातं म्हणालं, आमची घाण आम्ही सोडलेली नाही, ती स्वतःहून गेली. शेवटी दोघांनी मिळून ठरवलं, की जिथे नळ एकमेकांना ओलांडतात ती जागा कुणाच्याच खात्यात येत नाही. प्रश्न समितीकडे गेला. समितीनं उपसमिती नेमली. उपसमितीनं खेद व्यक्त केला.

आणि मग नितळबाबा आले. पालिकेला त्यांना थेट नेमता येईना, कारण कुठल्याही कामाला तीन निविदा लागतात. तेव्हा एक निविदा बाबांची आणि दोन त्यांच्या शिष्यांची, अशा मागवण्यात आल्या. शिष्यांनी नम्रतेपोटी दर चढे लावले. बाबा 'जलशांती अधिकारी' झाले. त्यांना खोली मिळाली, खुर्ची मिळाली, दारावर पाटी लागली. बाजाराच्या वळणाचं खोदकाम आता गरजेचं नाही, असं दोन्ही खात्यांनी एकमतानं ठरवलं. त्या दोघांचं एकमत व्हायची ती दुसरीच वेळ.

आमच्या खालच्या गाळ्यात शिंपीणबाई शिवणकाम करतात. त्यांची एकुलती एक मुलगी टायफॉइडनं दवाखान्यात होती. ताप उतरत आला होता, तो एकाएकी पुन्हा चढला. बायकोनं उशाशी बघितलं तर बाटली. पाणी अगदी नितळ.

"हे कुठून आणलंत?"

"बाबांनी शांत केलेलं पाणी आहे, डॉक्टरबाई. पहाटेपासून रांगेत उभी होते."

"मी उकळलेलं पाणी द्यायला सांगितलं होतं ना?"

"उकळायचं कशाला? आरपार दिसतंय की! तुम्ही शिकलेली माणसं, तुमचा कशावर विश्वासच नाही." बाई रागावून म्हणाल्या आणि लगेच पदरात तोंड लपवून रडायला लागल्या.

बायको घरी आली ती तणतणत. "कायदा काय झोपा काढतोय का रे?"

मी पोलीस ठाण्यात गेलो. इन्स्पेक्टर भला माणूस होता. त्यानं मला खुर्ची दिली, चहा दिला.

"चमत्काराच्या नावाखाली फसवणूक करणं हा गुन्हा आहेच, वकीलसाहेब," तो म्हणाला. "बाबा रस्त्यावर बसले असते तर आत्ता उचलून आणलं असतं. पण ते अधिकारी आहेत. अधिकाऱ्यावर गुन्हा नोंदवायला वरिष्ठांची परवानगी लागते."

वरिष्ठ म्हणजे पाणीपुरवठा खात्याचे प्रमुख. मी त्यांच्याकडे गेलो.

"परवानगी द्यायला माझी हरकत नाही," प्रमुख म्हणाले. "फक्त संबंधित अधिकाऱ्याचा अभिप्राय घ्यावा लागेल."

"म्हणजे बाबांना अटक करावी का, हे बाबांनाच विचारायचं?"

"नियम आहे. मी विचारलंही. ते म्हणतात, सध्या योग नाही."

हसावं की डोकं आपटून घ्यावं, कळेना. पण नियमांनीच दार लावलं असेल तर खिडकीही नियमांतच सापडते, एवढं वकिलीनं मला शिकवलं होतं. पाणी शुद्ध करायची नवी पद्धत पालिकेनं आणली, तर दवाखान्याच्या डॉक्टरनं तिची जाहीर चाचणी घेतली पाहिजे, अशी तरतूद होती. मी ती नगराध्यक्षांपुढे ठेवली. ते खूश झाले. निवडणूक तोंडावर होती आणि त्यांना गर्दी हवीच होती.

अशा रीतीनं पटांगण पुन्हा भरलं. बायकोनं शाळेतून काचेच्या बरण्या आणल्या होत्या. सगळ्यांदेखत तिनं बाजाराच्या वळणापलीकडच्या नळाचं पाणी त्यांत भरलं.

"बाबा, काठी जरा नगराध्यक्षांना द्या."

बाबा दचकले. "काठी सिद्ध पुरुषाच्याच हातात काम करते."

"मग साहेबांच्या हातात ती काम करणार नाही, एवढंच होईल," बायको म्हणाली.

नगराध्यक्षांनी काठी घेतली आणि भीत भीत पाणी ढवळलं. प्रवचन झालं नाही. लोक शेंगदाणे खात बसले. थोड्या वेळानं गाळ गोळा होऊन खाली उतरायला लागला.

"माझ्यात आहे!" नगराध्यक्ष ओरडले. "मला लहानपणापासून वाटायचंच!"

बायकोनं काठी पालिकेच्या शिपायाला दिली. त्यानं दणदणीत ढवळलं. त्याची बरणी नगराध्यक्षांच्या बरणीपेक्षा नितळ झाली. नगराध्यक्षांचा चेहरा पडला. "शिपायाची साधना माझ्यापेक्षा जास्त?" ते पुटपुटले.

मग तिनं बाबांच्या हातात साधा लाकडी डाव दिला. बाबांनी ढवळलं. घाम फुटेपर्यंत अणूंची समजूत काढली, त्यांना दम दिला, शेवटी त्यांच्या हातापाया पडले. पाणी तसंच्या तसं, चहाच्या रंगाचं.

बायकोनं काठीचं टोक पिरगाळलं. ते झाकणासारखं निघालं. टोकाला बारीक भोकं होती आणि आतून पांढरा खडा टेबलावर पडला.

"तुरटी!" पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली. "अगं बाई, ही तर माझ्या घरीपण आहे."

"तुरटीच आहे," बायको म्हणाली. "पाण्यातले मातीचे कण तिच्यामुळे एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. यात कुणाच्या साधनेचा काही संबंध नाही."

नगराध्यक्ष सावरले. "पण पाणी तर स्वच्छ झालं ना? मग काठीत तुरटी असो नाहीतर साखर, बिघडलं कुठे?"

गर्दीत माना डोलल्या. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, हरलो.

बायकोनं शिपायाच्या बरणीतून वरचं पाणी पेल्यात काढलं. उन्हात पेला नुसता लखलखत होता. तो तिनं बाबांपुढे धरला. "घ्या. तुमच्याच काठीनं झालंय."

"आज माझा निर्जळी उपास आहे," बाबा म्हणाले.

पेला पाणीपुरवठा प्रमुखांकडे गेला. त्यांना नेमकी सर्दी झाली. सांडपाणी प्रमुखांना त्यांच्या डॉक्टरनं पाणी कमी प्यायला सांगितलं होतं. नगराध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.

तेवढ्यात शिंपीणबाई पुढे आल्या. त्यांनी तो पेला घेतला आणि बाबांच्या अगदी दाढीजवळ नेला.

"माझ्या लेकीला मी हे पाजलं," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, तरी पटांगणात सगळ्यांना ऐकू आला. "पोर तापानं फणफणतेय. तुम्ही एक घोट घ्या. तिनं पेलाभर प्यायलं होतं."

बाबा मागे सरले. खुर्ची आडवी आली, कॅनव्हासचे बूट वर झाले. कुणी हसलं नाही.

"तुरटी गाळ खाली बसवते," बायको लोकांकडे वळून म्हणाली. "रोगाचे जंतू तिनं मरत नाहीत. त्यासाठी पाणी उकळावं लागतं किंवा त्यात क्लोरीन टाकावं लागतं. आणि ही घाण येते तिथलं भोक बुजवावं लागतं. ते कुठे आहे, हे मी पालिकेला कधीच सांगितलंय."

"चला तर मग," शिंपीणबाई म्हणाल्या.

सगळं पटांगण उठून बाजाराच्या वळणाकडे निघालं. दोन्ही खातेप्रमुखांना मध्ये घेतलं होतं. पहिली कुदळ कोणी मारायची यावरून त्यांची जुंपली, तेव्हा बायकांनी दोघांच्याही हातात एकेक कुदळ दिली. उरलेलं कामगारांनी खोदलं. दोन्ही नळ फुटलेले होते आणि घाण डोळ्यांदेखत पाण्यात मिसळत होती. उपसमितीच्या अध्यक्षांनी खेद व्यक्त करायला तोंड उघडलं, पण वासानं पुन्हा मिटलं.

बाबांना त्याच दिवशी बडतर्फ केलं. आता ते अधिकारी राहिले नव्हते, म्हणून इन्स्पेक्टरला परवानगीही लागली नाही. खटला अजून चालू आहे. आपण चमत्काराचा दावा कधी केलाच नाही, आपण तुरटीचे प्रचारक आहोत, असं बाबांचं म्हणणं आहे.

असे बाबा पुन्हा येतील, कारण ज्यांचं काम नळ दुरुस्त करायचं, त्यांना बाबा फार सोयीचे पडतात. चमत्कार बघायला गर्दी करतो तसे आपण पालिकेच्या सभेलाही जाऊन बसलं पाहिजे. कोण, काय आणि कधी करणार, हे उत्तर मिळेपर्यंत विचारलं पाहिजे. यासाठी वकील किंवा डॉक्टर असावं लागत नाही.

शिंपीणबाईंची मुलगी बऱ्याच दिवसांनी घरी आली, हातपाय काड्यांसारखे झालेले. वळणावरचं काम तेव्हा संपत आलं होतं, नळाच्या पाण्याला अजून मातीचा रंग होता. आईनं पेला पुढे केला.

"आई, हे गढूळ आहे," मुलगी म्हणाली.

"थोडं आहे गं," शिंपीणबाई म्हणाल्या. "पण मी स्वतः उकळलंय. आणि हे बघ." त्यांनी आधी एक घोट स्वतः घेतला आणि मग पेला मुलीच्या हातात दिला.