दोन देवांचे दोन रेडिएटर

त्या आठवड्यात आमच्या ओटीवर दोन रेडिएटर शेजारी शेजारी बसले होते, दोघांनाही कुंकू लावलेलं, आणि अंगणात गाडी बिनरेडिएटरची उभी. हसू नका. तुमच्या घरी असं कधी झालं नसेल तर तुमचं घर फार शहाणं, एवढंच म्हणेन.

गाडी म्हणजे माझी पिकअप. बारा वर्षांपूर्वी घेतली तेव्हाच ती जुनी होती. आता किती वर्षांची ते विचारू नका, बाईचं आणि गाडीचं वय काढू नये. आमचे हे तेव्हा बोटीवर होते, इंजिनात फिटर. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही, पण सारखं हे-हे केलं तर तुमचा गोंधळ व्हायचा, म्हणून एकदाच सांगते, आत्माराम. वर्षातले नऊ महिने हे समुद्रात आणि मी घरात माशा मारत. मग एक दिवस मी पालीच्या रस्त्यावर गाडी शिकले. गावाने आठ दिवस तोंडाला पदर लावून हसून घेतलं आणि नवव्या दिवशी नारळ भरायला बोलावलं. तेव्हापासून आंब्याच्या पेट्या म्हणा, चिरे म्हणा, लग्नाची भांडी म्हणा, सगळं मी वाहते.

दोन वर्षांपूर्वी हे बोट सोडून कायमचे घरी आले. आनंद झाला, नाही कशाला म्हणू. पण महिन्याभरात माझी गाडी 'आपली गाडी' झाली आणि सहा महिन्यांत 'माझी गाडी'. भाड्याचे फोनसुद्धा लोक यांनाच करायला लागले. गाडी कुठे आहे विचारायला फोन यांना, आणि गाडी मी चालवतेय. यांना क्लचवर पाय ठेवता येत नाही, तरी हे बॉनेट उघडून दोन्ही हात कमरेवर ठेवून असे उभे राहायचे की बघणाऱ्याला वाटावं, आता बोटच सुटणार.

तर झालं असं. पाडव्यानंतरच्या मंगळवारी बागायतदार सर्वेशच्या पेट्या घेऊन मी कोल्हापूरला निघाले आणि आंबा घाटात रेडिएटर फुटला. अर्ध्या वाटेवर वाफ, पुढचं काही दिसेना. पेट्या दुसऱ्या गाडीत चढवून द्याव्या लागल्या. सर्वेश तिशीतला पोरगा, तोंडाने गोड. संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, काकी, वाईट मानू नका, पण आंबा उन्हात थांबत नाही. शनिवारी पुढचा माल आहे. न थांबता घाट चढलात तर सगळा सीझन तुमचा. नाहीतर रितेशची नवी गाडी आहे, मी त्याला सांगतो.

तो गेल्यावर हे पाट ओढून बसले आणि म्हणाले की शनिवारी नाही चढली तर गाडी विकून टाकू. तू खूप कष्ट केलेस, आता आरामात घरी बस. हे सगळं मायेने म्हणाले, तेच मला जास्त झोंबलं. घरी बसून मी काय करायचं ते यांनी सांगितलं नाही. मी भांडी आपटली आणि झोपायला गेले.

बुधवारी सकाळी पालीचा रघू मिस्त्री आला. त्याने गाडीतून जुना रेडिएटर काढला, उलटा केला, आतून गंजाचा चिखल पडला. पाच वेळा कथलाचा डाख मारून भोकं बुजवून झालेली, सहाव्यांदा डाख मारायला जागाच नव्हती. रघू म्हणाला, दोन वाटा आहेत. एक, जुन्या गाडीचा तांब्याचा मिळाला तर बघा. जड असतो, पण गळला तर वाटेत कुठेही डाख मारून घेता येतो. दुसरी, नवा अॅल्युमिनियमचा घ्या. हलका, गाडी थंड ठेवतो, पण त्याच्या टाक्या प्लास्टिकच्या. चार-पाच वर्षांनी तडकल्या की फेकायचा. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "दोन्ही चालतील, वैनी. कुठलाही बसवा, पण शनिवारच्या आत बसवा."

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण हे म्हणाले, तांब्याचा. तीस वर्षं बोटीवर तांबं-पितळ बघितलंय, प्लास्टिकवर माझा विश्वास नाही. मी म्हटलं, नवा. दुसऱ्याच्या फुटलेल्या गाडीचा उतारा मला नको. हे म्हणाले, अगो, बोटीवरचा कूलर चाळीस वर्षं चालतो. मी म्हटलं, बोटीखाली आख्खा समुद्र असतो, आपल्या गाडीखाली खड्डे. ह्यावर हे उठून थेट देवळात गेले.

आमच्याकडे अडलं की कौल लावतात. जमीन घ्यायची, मुलगी द्यायची, विहीर कुठे पाडायची, सगळं देवाला विचारून. गुरव देवाच्या अंगावर दोन बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे श्वास रोखून बसतात. उजवी कळी पडली की होय, डावी पडली की नाही. आमच्या गावच्या केदारलिंगाने यांना उजवा कौल दिला. तांब्याचा. हे तिथूनच सावर्ड्याला गेले आणि भंगारवाल्याकडून काळा रंग मारलेला तांब्याचा रेडिएटर घेऊन आले. ओटीवर ठेवला, कुंकू लावलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू देव यांच्या मावसभावाचा मुलगा आहे.

आता मला सांगा, देव काय एकाच गावात राहतो? गुरुवारी सकाळच्या एसटीने मी माहेरी गेले. आमचं गाव गणपतीपुळ्याच्या वाटेवर. तिथली वाघजाई माझ्या लहानपणापासूनची, माझी परीक्षा असली की मी तिला सांगायची. तिथल्या गुरवाला म्हटलं, लाव कौल. चार मिनिटांत उजवी कळी टपकली. अॅल्युमिनियमचा. येताना रत्नागिरीत उतरून दुकानातून नवा रेडिएटर घेतला आणि मांडीवर बाळासारखा धरून एसटीत बसले. कंडक्टरने तिकीट मागितलं. मी म्हटलं, पाच वर्षांखालचं आहे. मेल्याने तरी सामानाचं तिकीट फाडलंच.

घरी आल्यावर मीही माझ्या रेडिएटरला कुंकू लावलं. जरा जास्तच लावलं.

शुक्रवारी सकाळी रघू पाने-पकड घेऊन आला. ओटीवर बघतो तर दोन. कौलाची हकिगत ऐकली आणि त्याने पाने परत पिशवीत टाकले. म्हणाला, नवरा-बायकोच्या मधे मी पडेन, दोन देवांच्या मधे पडणार नाय. मी त्याला चहा दिला, भजी दिली, त्याने सगळं खाल्लं आणि गाडीला हात लावला नाही. इकडे शुक्रवारचे दहा वाजले. शनिवारी सहाला माल भरायचा. मला रडूच यायला लागलं होतं, पण यांच्यासमोर रडले असते तर यांनी त्याच मिनिटाला गाडी विकली असती.

शेवटी रघूच म्हणाला, गुरवाकडे चला, तो काढेल वाट. आम्ही तिघं देवळात गेलो. आमचे गुरव काशीराम, सत्तरीचे, शांत माणूस. सगळं ऐकून घेतलं, चंची काढली, पान लावलं. हे म्हणाले, बाई सासरी आली की सासरचा देव तिचा देव, तेव्हा केदारलिंगाचं चालणार. मी म्हटलं, वाघजाईला सांगा तसं, बघा काय करते ते. काशीरामांनी हात वर करून आम्हाला गप्प केलं आणि मला विचारलं की माहेरी गाऱ्हाणं नेमकं काय घातलं.

मी आठवून आठवून सांगितलं. बाय वाघजाये, ही तुझी माहेरवाशीण, आत्मारामाची घरकारीण, तिच्या घरधन्याच्या गाडीला... आणि तिथेच माझी जीभ अडकली.

"घरधन्याच्या?" काशीराम म्हणाले.

"गुरव तसंच म्हणाला," मी म्हटलं. "मी हात जोडून उभी होते."

काशीरामांनी पानाची पिंक टाकली आणि कबूल केलं की बुधवारी त्यांनीही आत्मारामाच्या गाडीला असंच म्हटलं होतं. मग यांच्याकडे वळून विचारलं की गाडीची कागदपत्रं कुणाच्या नावावर आहेत. हे छताकडे बघायला लागले. रघू म्हणाला, वैनींच्या. पहिल्यापासून.

झालं. दोन देवांना विचारलं आणि दोन्हीकडे गाडी यांची सांगितली. अंगाची नुसती आग झाली. यांचं एक वेळ सोडा, यांना सवय आहे. पण मी? माझ्याच गाडीसाठी, माझ्याच तिकिटाने, माझ्याच माहेरी जाऊन मी ती यांच्या नावावर करू दिली आणि वर हात जोडले. बारा वर्षं स्टिअरिंग धरून मला एवढीही अक्कल आली नाही.

काशीराम म्हणाले, ज्याची वस्तू त्याच्या नावाने विचारलं नाही तर तो कौल धरायचा नसतो. आता हिच्या, मथुरेच्या नावाने नवा लावतो. ते कळ्या भिजवायला उठले.

"काका, कौल नको," मी म्हटलं. "गाऱ्हाणं घाला. मी विचारायला नाय आले, सांगायला आले."

काशीरामांनी कळ्यांची वाटी बाजूला ठेवली. उभे राहिले, खाकरले आणि सुरू केलं. बा केदारलिंगा म्हाराजा, ही मथुरा तुझ्या पायाशी उभी हाय. गाडी हिची हाय. बारा वर्षं हिनं ती तुझ्या रस्त्यावर चालवली हाय. आता ही आपल्या मनानं जो काय रेडिएटर बसवील तो तू गोड मानून घे रे म्हाराजा.

गाऱ्हाण्याला मागून 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. जन्मापासूनची सवय, तोंडातून आपोआप निघतं. यांनी डोळे मिटून, हात जोडून, सगळ्यांत मोठ्याने म्हटलं, "व्हय म्हाराजा."

काशीराम थांबले नाहीत. आणि हिच्या कामात घरातल्या कुणी नाक खुपसलं तर त्याला चांगली बुद्धी दे रे म्हाराजा.

"व्हय म्हाराजा," हे म्हणाले, आणि मग डोळे उघडले. तोवर देवाने ऐकलं होतं. रघू खांबामागे जाऊन हसून आला.

दुपारपर्यंत नवा रेडिएटर बसला. रघूने नवे होज पाइप घातले, कूलंट भरलं, गाडी अर्धा तास चालू ठेवून बघितली. तांब्याचा ओटीवरच राहिला.

शनिवारी सकाळी पेट्या भरून झाल्या तर हे शेजारच्या सीटवर बसलेले. पायाशी पाण्याचे दोन कॅन आणि हातात ओलं फडकं. म्हणाले, रेडिएटरचं झाकण गरम असतं, कुणीतरी उघडायला हवं. मी म्हटलं, बसा, पण तोंड उघडू नका. घाटाखालच्या साखरप्यापर्यंत खरंच उघडलं नाही.

घाट लागला. पहिली वळणं बरी गेली. मधल्या चढावर पुढे एक ट्रक कण्हत चाललेला, त्याच्या मागे दुसऱ्या गिअरवर अडकले आणि इंजिनाच्या गरमीचा काटा वर सरकायला लागला. अर्ध्याच्या वर, मग आणखी वर. केदारलिंगाचं खरंच तांब्याचं म्हणणं असलं तर? नाव चुकलं म्हणून देवाला काय गाडी दिसली नसेल? पेट्या मागे, सीझन मागे, आणि थांबले की सगळं संपलं. मी हीटर पूर्ण उघडला. इंजिनाची धग आत ओढली की इंजिन जरा सुटतं, हे मी बारा वर्षांत शिकलेलं. एप्रिलच्या उन्हात अंगावर गरम वाफारा यायला लागला. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, आता हे बोलणार. यांनी घाम पुसला, तेही त्या फडक्याने, आपली काच खाली केली, हात लांब करून माझ्या कपाळावरून फडकं फिरवलं आणि पुन्हा समोर बघत बसले. ट्रकने वाट दिली. तिसरा गिअर पडला. काटा थांबला, थरथरला, आणि खाली आला.

वर आंबा गावात पोचलो आणि टपरीवर थांबले. दोन चहा सांगितले. पहिला घोट घेतला तोच यांचा फोन वाजला. सर्वेश. स्पीकरवर होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं. काका, चढली काय तुमची गाडी? मग सीझनच्या फेऱ्या तुमच्याशीच ठरवू ना?

यांनी कप खाली ठेवला. मी बशीतला चहा फुंकत होते.

"गाडी माझी नाय, सर्वेश," हे म्हणाले. "गाडीवाली चहा पितेय. तिच्याशी बोल."

आणि फोन माझ्यासमोर बाकावर ठेवला. आतून सर्वेश काकी, काकी करत होता. माझे डोळे भरून आले होते, पण ते यांना दाखवायची घाई नव्हती. मी चहा संपवला, बशी पालथी घातली, आणि मगच फोन घेतला.